लोणारच्या गाळातली रोजकीर्द



मृग कोरडा गेला की आमच्या पातूरला चहाच्या टपरीपासून विहाराच्या ओट्यापर्यंत एकच विषय चालतो. "असा पाऊस आधी कधी दगा देत नव्हता," असे जो तो म्हणतो. आमच्या मायची आठवण १९७२ पर्यंत जाते. त्या साली ती सतरा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. तिच्याही मागचे सांगणारे घरात आता कोणी नाही. सरकारी दप्तर पाहावे तर हवामान खात्याची स्थापनाच १८७५ ची, म्हणजे जेमतेम दीडशे वर्षे. त्याआधी आपल्या वऱ्हाडात पाऊस कसा पडत होता, हे कोणी लिहून ठेवले आहे काय?

लिहून ठेवले आहे, पण ते माणसाने नव्हे, चिखलाने. आणि ते दप्तर फार लांबही नाही. मालेगाव, रिसोड करत एस.टी.ने लोणारला जाता येते.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आकाशातून दगड आदळून काळ्या पाषाणात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारे आणि सोड्याचे. मुख्य गोष्ट अशी की आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. भोवतालच्या उतारावरून जे वाहून येते आणि वाऱ्याने जे उडून पडते, ते तळाशी बसते. त्यावर पुढच्या वर्षाचा थर. मी पेशाने कारकून, म्हणून मला ही रोजकीर्द वाटते. खाडाखोड नाही, पान फाडलेले नाही.

या रोजकीर्दीत नोंद कशाची? फुलांच्या परागांची. मक्याला तुरा आला असताना निंदणाला गेलेल्या माता-भगिनींना हे सांगावे लागणार नाही. लुगड्यावर जी पिवळी भुकटी बसते, तेच पराग. एकेक कण इतका बारीक की साध्या डोळ्याला दिसत नाही. पण त्याचे कवच मोठे चिवट. दगड-वाळू विरघळवणाऱ्या आम्लातही ते टिकते. शास्त्रज्ञ याच गुणाचा उपयोग करतात. सरोवराच्या तळात नळी खुपसून गाळाचा खांब वर काढायचा, त्याचे थराथराने नमुने घ्यायचे, आम्लात वाळू-माती घालवायची आणि उरलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. प्रत्येक नमुन्यातले शेकडो कण. ज्यांनी मार्चअखेरीला जुना ताळमेळ जुळवला आहे, त्यांना या कामाचा कंटाळा आणि त्याची गोडी दोन्ही कळतील. थर किती जुना, हे कार्बनच्या मोजणीवरून ठरते.

प्रत्येक झाडाचा कण वेगळ्या घडणीचा. बाभळीचे तर पुष्कळ कण चिकटून एक गोळी झालेली असते. गवतांचे कण मात्र इतके सारखे की ज्वारी कोणती आणि कुसळी कोणती, हे ओळखणे अवघड. आणखी एक अडचण आहे. ज्यांचे पराग वारा नेतो त्यांची हजेरी मस्टरवर जास्त लागते, मधमाशीच्या भरवशावर असणारी झाडे उभी असूनही गैरहजर दिसतात. म्हणून नील्स रीडेल, मार्टिना स्टेबिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी लोणारभोवतीची आजची झाडे आणि आजचे पराग यांची गाठ घालून पाहिली. ते काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. मस्टर तपासल्याशिवाय पगार काढायचा नाही, ही पद्धत मला फार आवडली.

गाळाचा खांब दहा मीटर लांब होता. डॉ. सुष्मा प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्या भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी त्यावरून २०१४ साली जे मांडले, ते असे. मान्सून दोनदा दीर्घकाळ दुबळा झाला. एकदा सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि दुसऱ्यांदा २००० ते ६०० वर्षांपूर्वी. एकदोन सालांचा दुष्काळ नव्हे, कित्येक पिढ्या कमी पाऊस. पाणी फार आटले की गाळात एका जातीचे स्फटिक तयार होतात, तेही सापडले. पावती, कॅशबुक आणि बँकेचे पासबुक जुळावे तसे. मध्य भारतातल्या पहिल्या वस्त्या पहिल्या अवर्षणाच्या सुरुवातीला दिसतात आणि शेतकरी वस्ती भरभराटली ती दोन अवर्षणांच्या मधल्या काळात.

आता जरा थांबून पाहा. वाकाटकांचा काळ, अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी, हे सगळे दुसऱ्या अवर्षणाच्या मुदतीत येते. कान्हेरीसारख्या ठिकाणी लेण्याजवळ खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, जुन्या लेखांत त्यांना पोढी म्हणतात. ती बांधणारांना आकाशाचा भरवसा किती होता, असा विचार मनात येतोच. हा माझा तर्क, शास्त्रज्ञांचा नव्हे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते २०२१ सालचे संशोधन. रीडेल, स्टेबिख आणि त्यांच्या गटानेच लोणारच्या गाळावर केलेले. आजवर असे मानले जात होते की आपल्याकडचे गवताळ माळ, विरळ झाडांचे रान, हे मुळात दाट जंगल होते आणि माणसाने तोडून, चारून, जाळून ते बिघडवले. या गटाने पराग पाहिले, आगीच्या खुणा पाहिल्या, माणसाच्या वावराच्या खुणा पाहिल्या. निष्कर्ष उलटा निघाला. सुमारे ६००० वर्षांपासून मान्सून दुबळा होत गेला, म्हणून झाडी हटली आणि गवत पसरले. शेती त्यानंतर आली.

माझी आत्या पातूरच्या घाटात मोळीला जायची. एकदा एका रखवालदाराने तिचा विळा हिसकावून घेतला आणि "तुम्हीच जंगल खाल्लं" असे सुनावले. ती ते मरेपर्यंत विसरली नाही. ई-क्लासच्या माळाला सरकारी कागदात पडीक म्हणायचे, तिथे बकऱ्या चारणारा तो गुन्हेगार आणि तिथे दोन एकर वाहणारा भूमिहीन तो अतिक्रमक. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो अशाच पडीक जमिनींसाठी. जमीन कोणाची, हा निवाडा पराग देत नाहीत. आज कुऱ्हाड चालली तर नुकसान होत नाही, असेही कोणी म्हणू नये. पण सहा हजार वर्षांचा आरोप मोळीवालीच्या डोक्यावरून उतरला, एवढे खरे.

हे सारे मायला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या गायात बहात्तर साल दिसते काय रे बाप्पा?"

मी सांगितले, की एकाच नमुन्यात पुष्कळ वर्षांचा गाळ येतो. एकटे एक साल सुटे दिसत नाही.

"मंग काय मोजलं त्याईनं," असे म्हणून ती तांदूळ निवडायला बसली.