हयातीचा दाखला आणि झिजलेली बोटे



दीक्षाभूमीला गेलेली मंडळी परतली, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, विहारातील ग्रंथवाचनाची सांगता होऊन खीरदानही झाले. आता सर्वांना वेध लागले आहेत ते सहा डिसेंबरचे. परंतु मधे नोव्हेंबर महिना आहे. पेन्शनवर ज्यांची चूल पेटते त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा महिना हाच. आपण जिवंत आहोत हे या महिन्यात कागदावर सिद्ध करावे लागते.

आमची वस्ती तशी निवृत्तांचीच झाली आहे. सकाळी विहाराच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांत कोणी पालिकेच्या सफाई खात्यातून, कोणी रेल्वेच्या गँगमधून, कोणी गिरणीतून, तर कोणी शाळेच्या शिपाईपदावरून घरी आलेले. मुले बदलापूरला, विरारला, पुण्याला गेली. मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि त्यांचे पासबुक. आपल्या बहुतेक वस्त्यांचे चित्र याहून वेगळे नसावे. म्हणून या सदरात आज इतर विषय बाजूला ठेवून कामाचेच लिहितो.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच चाळीत घडलेली गोष्ट. एका आजींना यजमानांच्या मागे पालिकेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. स्वतः आजींनीही बत्तीस वर्षे झाडू मारला. नोव्हेंबरात त्या बँकेत गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, उमटला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, आधार अपडेट करून या." आजी घरी आल्या आणि कोणाला काही बोलल्याच नाहीत. डिसेंबर अखेरीस पेन्शन आली नाही. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत नाही. आजींना वाटले, सरकारनेच बंद केली. बचत गटातून आधी दोन हजार उचलले, मग आणखी तीन. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या. मार्चमध्ये विहारात चक्कर येऊन पडल्या तेव्हा कुठे ही हकीकत बाहेर आली.

महिला मंडळाच्या दोघीजणी त्यांना घेऊन बँकेत गेल्या, वरच्या साहेबांना भेटल्या, कागदी नमुन्यावर साहेबांच्या समोर सही झाली. पुढच्या महिन्यात थकलेली सगळी रक्कम एकदम जमा झाली. काम पंधरा मिनिटांचे होते आणि आजींनी चार महिने काढले. "विचारायची लाज वाटली," म्हणाल्या. लाज आजींना का वाटावी? बत्तीस वर्षे फिनेल, ब्लिचिंग आणि कचऱ्यात हात घातले म्हणून बोटांवरच्या रेषा गेल्या. लाज वाटायची तर ती कागदी दाखल्याची सोय न सांगणाऱ्या खिडकीला वाटावी.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. मशीनने अंगठा घेतला नाही म्हणजे दाखला नाकारला असे मुळीच नाही. पेन्शन घेणाऱ्याने स्वतः बँकेत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून कागदी दाखला देण्याची जुनी रीत बंद झालेली नाही. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी तर बँकेत आलेली असते, तिच्यात आपल्या नावासमोर सही करायची असते. बँकेने "फक्त मशीननेच" म्हटले तर वाद घालू नये, पण उठूनही येऊ नये. शाखाधिकाऱ्यांना भेटावे. काम झाले की पोच मागावी आणि ती पासबुकात जपून ठेवावी.

मशीननेच करायचे असेल तरी काही युक्त्या आहेत. दाखल्याला अंगठाच लागतो असे नाही, दहांपैकी कोणतेही बोट चालते. करंगळी आणि अनामिका कामात कमी झिजतात, त्या आधी लावून पाहाव्यात. आठवडाभर आधीपासून रात्री झोपताना बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. मात्र बँकेत जाताना हात साबणाने धुऊन पुसून जावे, तेलकट बोट मशीन घेत नाही. तंबाखू मळलेला अंगठा तर नाहीच नाही, हे आमच्या कट्ट्यावरच्या काही मान्यवरांसाठी खास. काही ठिकाणी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारे यंत्रही असते, त्याची चौकशी करावी.

नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारने चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय केली आहे. नातवाच्या साध्या अँड्रॉइड मोबाईलवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन अ‍ॅप घ्यायची, आधार क्रमांक, पी.पी.ओ. क्रमांक आणि खाते क्रमांक भरायचा, आणि उजेडात बसून चेहरा दाखवायचा. टोपी, मफलर काढावा, सांगेल तेव्हा डोळे मिचकवावेत. झिजलेल्या बोटांच्या माणसांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र मोबाईलवर प्रमाण क्रमांकाचा संदेश आला की काम संपले असे समजू नये. भरलेली माहिती चुकली असेल तर दाखला पुढे नामंजूर होतो. आठ-दहा दिवसांनी तो मंजूर झाला की नाही हे पुन्हा पाहावे. एकाच माणसाला दोन पेन्शनी असतील, म्हणजे स्वतःची आणि जोडीदाराच्या मागची, तर दोन्हींचे दाखले वेगवेगळे द्यावे लागतात. पुष्कळ बायाबापड्या इथेच फसतात.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय? सत्तरीपुढच्या आणि आजारी, अपंग खातेदारांना घरी येऊन हयातीच्या दाखल्यासह सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखेत लेखी अर्ज द्यावा. पोस्टमनही मशीन घेऊन घरी येतात आणि दाखला काढून देतात. शुल्क किती ते आधी विचारावे, पावती घ्यावी. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून बँकेच्या पायऱ्या चढवण्याचे दृश्य आम्ही पाहिले आहे. ते आता तरी थांबावे.

कोणाला कधी, याविषयी थोडेसे. सरकारी पेन्शनरांसाठी १ ते ३० नोव्हेंबर. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ज्यांना ऐंशी पूर्ण झाली, त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. गिरण्या, कारखाने आणि खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून १९९५ च्या योजनेची पेन्शन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. मागच्या वेळी मार्चमध्ये दिला असेल तर पुढचाही मार्चपर्यंत द्यावा. त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत उगाच उभे राहू नये, घरातल्या कॅलेंडरवर तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. या योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये ठरली आहे. हजार रुपयांत काय येते हा प्रश्न विचारण्यासाठी निवृत्त कामगारांचे मोर्चे कित्येकदा निघाले. पण त्या हजारासाठीही दाखला हवाच.

आता नावाचा घोळ. पी.पी.ओ. वर सखुबाई, आधारवर साखराबाई आणि पासबुकावर सौ. एस. बी., असे आपल्याकडे घरोघरी आहे. जन्मतारखेचेही तेच. आमच्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली! शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी लिहिली ती खरी. आजवर आपण त्यावर हसलो, पण आता त्या तारखेला पैशाचे मोल आहे. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळते, कुटुंब निवृत्तिवेतनालाही ते लागू आहे. एसटीचा फुकट प्रवासही वयावरच ठरतो. त्यामुळे पी.पी.ओ. आणि आधार समोरासमोर ठेवून एकदा ताडून पाहावे. पत्नीचे नाव आणि तिची जन्मतारीख पी.पी.ओ. मध्ये आहे का, हे यजमानांनी आपल्या हयातीतच पाहावे. मागे राहिलेल्या बाईला ऐन दुःखात कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, ते यामुळेच.

ज्यांना कसलीच पेन्शन नाही, अशी बिगारी, मोलकरीण, बिडी कामगार माणसे आपल्यात पेन्शनरांपेक्षा जास्त आहेत. पासष्ट वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. जुलै २०२३ पासून या योजनेची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. खाते आधारला जोडलेले असावे. हयातीचा दाखला इथेही वर्षातून एकदा लागतो. तो कधी आणि कुठे द्यायचा हे तलाठ्यांना विचारून ठेवावे.

सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार त्यात बसतो. पण सगळीच रुग्णालये योजनेत नाहीत. आधी आरोग्यमित्राला भेटावे आणि मगच भरती व्हावे. आजारी पडल्यावर कार्ड काढायला धावू नये, आजच काढावे.

एक सावधगिरीची सूचना. नोव्हेंबर आला की फोन येतात, "पेन्शन कार्यालयातून बोलतोय, दाखला घरबसल्या करून देतो, आलेला नंबर सांगा." नंबर सांगितला की खाते रिकामे. पेन्शन कार्यालय असा फोन कधीच करीत नाही. फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

परक्यांबद्दल लिहिले, तसे घरच्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सह्या करून मुलाकडे ठेवणारे आजोबा आम्हाला ठाऊक आहेत. मुलगा चांगला आहे, मान्य. तरी पासबुक महिन्याला एकदा भरून घ्यावे आणि स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्यावे. आणि मुलांनो, आई गेल्यावर तिच्या कार्डावर पेन्शन काढत राहू नका. बँक ती पै न् पै वसूल करते, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. मृत्यूचा दाखला घेऊन आधी बँकेला कळवा.

खोली मुलाच्या नावे करून देण्याचा विचार असेल तर घाई नको. बक्षीसपत्रात "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" असे स्पष्ट लिहून घ्यावे. ती अट कागदावर असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर खोली परत मिळवणे फार अवघड जाते. याच कायद्याने दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करायचा, तिथे वकील लागत नाही. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांच्या कर्तव्यांत आईवडिलांचे भरणपोषण पहिले सांगितले आहे. ते ज्या घरात पाळले जाते तिथे हे कलम कोणाला आठवणारही नाही.

आता चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी. दाखल्याचे काम उरकूनच निघावे. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धेच तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार सोबत हवे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या हिशेबाने मोजकेच पैसे नेऊ नयेत. दादरला रांग तासन्‌तास चालते. साखरेच्या रुग्णांनी खिशात शेंगदाणे, गूळ किंवा बिस्किटे ठेवावीत, तीन दिवसांच्या गोळ्या जवळ बाळगाव्यात. नाव, गाव आणि घरच्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी सदऱ्याच्या आतल्या खिशात किंवा चोळीत असावी, पिशवीत नको, कारण गर्दीत पिशवीच हरवते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे शिवाजी पार्कात शिरण्यापूर्वीच ठरवावे.

आमच्या विहारात नोव्हेंबरच्या प्रत्येक रविवारी, वंदना झाल्यानंतर, कॉलेजातली चार मुले-मुली मोबाईल घेऊन बसणार आहेत. येताना आधार कार्ड, पी.पी.ओ., पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणावा. गेल्या वर्षीच्या त्या आजी यंदा दाराशी बसून येणाऱ्यांची नावे लिहून घेणार आहेत. त्यांचा स्वतःचा दाखला चेहऱ्यावरून पहिल्याच प्रयत्नात निघाला. त्या म्हणाल्या, "तोंड मात्र अजून ओळखते सरकार." इतर वस्त्यांतील मंडळांनी असे केल्यास आम्हाला कळवावे, पुढील अंकात या सदरात बातमी देऊ.