पाठीमागची बाजू आधी

आळंदी-चाकण पट्ट्यात जुने वाडे उतरत आहेत. वाडा उतरला की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि खतपत्रांच्या, चोपड्यांच्या जोडीला कधी इंद्रायणीच्या घाटाची, देवळाच्या कळसाची, माळरानाची रेखाटने निघतात. सही नाही, तारीख नाही. घरचे विचारतात, कोणाचे? आणि आपल्यातले बरेच जण कागद उलटून पाहायच्या आधीच हळदणकर किंवा परांडेकर अशा नामवंत चित्रकारांचे म्हणून मोकळे होतात. ही सवय सोडली पाहिजे.

चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट आठवावेत. 1790 च्या दशकात पुण्याच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्यांनी लेणी रेखाटली. वेरूळ तर होतेच, शिवाय कार्लेही, म्हणजे आळंदीच्या वरच्या अंगाचे इंद्रायणीचेच खोरे. त्याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आणि त्याचा मदतनीस रॉबर्ट मॅबन पुण्यात काम करत होते. विषय तेच, आश्रयदाता तोच. 1795 मध्ये वेल्स वारला, 1799 मध्ये मॅलेटने त्याच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केले आणि सगळे कागद एकाच घराण्यात आले. 1803 मध्ये वेरूळच्या चित्रांचे पुस्तक निघाले, त्यावर नावे वेल्स आणि टॉमस डॅनियल यांची! तांबटांचा हात आज वेगळा ओळखता येतो, कारण चित्रांबरोबर पत्रे आणि रोजनिशीही टिकली. आज हा ऐवज येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. चित्रे सुटी विकली गेली असती तर तांबटांचे बरेचसे काम वेल्सच्या नावावर गेले असते.

म्हणून पेटी उघडताना क्रम मोडू नये. कोणता कागद कोणत्या बासनात, कोणत्या चोपडीत होता ते फोटोसह नोंदवावे, मगच वेगळे करावे. पाठीवरचा मोडीतला शेरा, हिशेबाची ओळ, शिक्का हे सारे पुसायचे नाही, त्यावर अस्तर चढवायचे नाही.

मग कागद उजेडासमोर धरावा. 1794 पासून इंग्रजी कागदाच्या जलचिन्हात साल येऊ लागले. चित्र त्या सालाच्या आधीचे नसते, नंतरचे मात्र कितीही असू शकते. पांढऱ्या रंगात जस्त सापडले, तर आपण एकोणिसाव्या शतकात बऱ्याच आत आलेलो असतो. घाटाची पायरी, मंडपाची ओवरी, कळसाची घडण यांवरून काळ ठरवताना मी अधिक सावध असतो. एखादा भाग चित्रात दिसला तर तो तेव्हा होता असे बहुधा म्हणता येते. दिसला नाही म्हणून तो नव्हताच असे नाही, कारण नदीचा मोकळा पट्टा हवा म्हणून चित्रकार मंडप सहज गाळतो.

चित्राखाली पेन्सिलीने आखलेल्या चौकटी दिसल्या, तर नक्कल आहे का याचा विचार आधी करावा. 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाल्यावर ड्रॉइंग शिक्षकांच्या पिढ्यांनी निसर्गचित्रांच्या नकला केल्या, विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या. त्यातल्या काही फार चांगल्या आहेत. अशा चित्राला थोर नाव चिकटवणे हा त्या शिक्षकावर अन्याय आहे. घराण्यात कोणी ड्रॉइंग मास्तर होता का, हे घरच्या वृद्धांना विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

नोंदीत ‘यांचे’, ‘यांच्या शैलीचे’ आणि ‘अज्ञात, आळंदी परिसर’ हे तीन शेरे वेगळे ठेवावेत, आणि प्रत्येकापुढे कारण लिहावे. कारण सुचत नसेल तर तिसरा शेरा वापरावा, आणि तो घरच्यांना किमतीचा विषय निघायच्या आधी सांगावा.