जावई रुळला का?

लग्नाला चार-सहा महिने झाले, की नात्यागोत्यात हटकून विचारणा होते, 'काय, सून रुळली का?' जावई सासरी रुळला का, ही चौकशी मी तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. नवविवाहितांच्या सुखदुःखाचा बराचसा उलगडा या न विचारलेल्या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

दोघेही आपापल्या घरचे वळण घेऊन येतात. आमटीत गूळ घालायचा की नाही इथपासून पगार कोणाच्या हाती द्यायचा इथपर्यंत. पण एकत्र घरात वळण बदलावे लागते ते तिला. तो तर आपल्याच घरात असतो. जावयाला अधिक महिन्यात तेहतीस अनारशांचे वाण, सून मात्र पहिल्या दिवसापासून 'घरची'. हे घरचेपण पुष्कळदा स्वयंपाकघरापुरतेच असते. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७.

भांडण विकोपाला गेले, की कायदा आठवतो. नवऱ्याला सबळ कारणाशिवाय आईवडिलांपासून वेगळे होण्यास सतत भाग पाडणे ही क्रूरता ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी सून तिथे संसार करीत असेल तर निवाऱ्याचा हक्क मागू शकते. कोणी कुठे राहावे, एवढे न्यायालय ठरवील. जिव्हाळ्याचा हुकूमनामा ते काढू शकत नाही.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या टेरी ऑर्बक यांनी १९८६ मध्ये लग्न झालेल्या ३७३ जोडप्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सुरुवातीच्या वर्षांत सासू-सासऱ्यांशी जवळीक असलेल्या नवऱ्यांच्या बाबतीत घटस्फोटाची शक्यता वीस टक्क्यांनी कमी आढळली. तशीच जवळीक सांगणाऱ्या बायकांच्या बाबतीत मात्र वीस टक्क्यांनी अधिक! जवळीक वाढली, की सल्ले वाढतात आणि नव्या सुनेला ते ढवळाढवळ वाटतात, असा ऑर्बक यांचा अर्थ. तिकडचे माप इकडे जसेच्या तसे लागू होणार नाही, हे खरे. तरीही पहिले पाऊल कोणी उचलायचे, याचा विचार करायला ते लावते.

यात सासूला खलनायिका ठरवण्याचे कारण नाही. तीही कधीकाळी आपले वळण मोडूनच या घरात आली आणि तिची दखल कोणी घेतली नाही. मधला दुवा असतो मुलगा, आणि नेमका तोच 'तुम्ही बायका बघून घ्या' म्हणत वर्तमानपत्रात डोके खुपसतो. आईची तक्रार आधी आपण ऐकून घेणे, सासऱ्यांना दवाखान्यात न सांगता घेऊन जाणे, सासुरवाडीला गेल्यावर पाट-पाण्याची वाट न पाहता ताटे घेणे, एवढे त्याला जमण्यासारखे आहे. येत्या सणाला जावई घरी आला, तर त्याचा मान जरूर करा. पण त्याला हाताला धरून स्वयंपाकघरातही न्या.