आवसथांचा विस्तार

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायांत जानश्रुति पौत्रायण नांवाच्या एका दानशूर राजाची कथा आहे. सर्वत्र लोकांनीं आपलेंच अन्न खावें ह्या इच्छेनें त्यानें जागोजाग आवसथ, म्हणजे वाटसरूंनीं उतरावयाचीं घरें, बांधविलीं. एका रात्रीं वरून उडत जाणाऱ्या हंसांपैकीं एकानें राजाच्या तेजाची वाखाणणी केली, तेव्हां दुसरा म्हणाला कीं, गाडीवाल्या रैक्वापुढें ह्याची मातब्बरी ती काय! पुढील तत्त्वविचार तूर्त बाजूस ठेवूं. मला नवल वाटतें तें हें कीं, एकाच धन्याच्या नांवानें गांवोगांव उतारूंचीं घरें असावीं ही कल्पना आमच्या वाङ्मयांत इतकी जुनी आहे.

हें आठवण्यास कारण पुतण्याचा एक प्रश्न. तो पुण्यास संगणकाच्या कचेरींत आहे. कचेरीनें त्यास सहा महिन्यांकरितां सिंगापुरास धाडलें, आणि हॉटेलांत न ठेवितां 'सर्व्हिस्ड अपार्टमेंट' म्हणतात तसल्या घरांत ठेविलें. निजावयाची खोली, बैठक, लहानसें स्वयंपाकघर, कपडे धुण्याचें यंत्र. मधून मधून माणूस येऊन झाडलोट करितो व चादरी बदलितो. भाडें कचेरी भरते. "काका, ह्याला मराठींत काय म्हणावें?" असें त्यानें दूरध्वनीवरून विचारलें. मीं 'आवसथ' सुचविला. त्याला तो फारसा रुचला नाहीं. पण मला तो सोडवत नाहीं.

मनूनें अतिथीची व्याख्या करितांना एक रात्र राहणारा तो अतिथि, असा निर्बंध घातला आहे. ज्याचें राहणें अनित्य तोच अतिथि. आमच्या बायकांनीं तेंच अधिक रोकडें सांगितलें : पहिले दिवशीं पाहुणा, दुसरे दिवशीं पई, तिसरे दिवशीं राही त्याची अक्कल जाई. आधुनिक व्यापाऱ्यांनीं दुकान मांडलें तें नेमकें ह्याच ठिकाणीं. शास्त्रांतला अतिथि जेथें संपतो तेथें ह्यांचें गिऱ्हाईक सुरू होतें. घरीं पाहुणा जितका अधिक राहील तितकी ताटांतली भाजी कमी होत जाते. ह्यांच्याकडे जितके दिवस अधिक, तितका दररोजचा दर उतरतो. आणि हें औदार्य नव्हे. माणूस तीन महिने राहिला म्हणजे रोज नवें गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं, खोली रिकामी पडत नाहीं, मोठी पाकशाळा व नोकरांचा तांडा बाळगावा लागत नाहीं. हॉटेलापेक्षां मिळकत थोडी दिसली तरी शिल्लक अधिक राहते.

ह्या धंद्यांतील एक थोर नांव 'अ‍ॅस्कॉट'. सिंगापुरांत 1984 सालीं ह्या नांवाचें पहिलें निवासगृह उघडलें. पुढें फ्रान्समधील 'सितादीन' हा समूह तिनें आपल्या पंखाखालीं घेतला, आणि जुलै 2022 मध्यें 'ओकवुड' ही जुनी अमेरिकन नांवाची कंपनी विकत घेतली. त्या एका व्यवहारानें सुमारें 80 इमारती व 15,000 निवास पदरीं पडले. हें ओकवुड आम्हांस अगदींच परकें नव्हे. पुण्यांत नेलर रोडवर तिच्या नांवाचें निवासगृह निघालें होतें.

वाचकांस वाटेल, एवढ्या इमारती बांधावयास पैसा कोठून आला? येथेंच खरी मेख आहे. पुष्कळ ठिकाणीं इमारत कंपनीची नसतेच. इमारत एकाची, पैसा दुसऱ्याचा, नांव तिसऱ्याचें. कंपनी नांव देते, गिऱ्हाईक आणिते, चालविण्याची रीत शिकविते आणि त्याबद्दल मोबदला घेते. कांहीं इमारती 2006 सालीं एका न्यासांत घालून त्याचे भाग सिंगापुरच्या शेअरबाजारांत विकले. तेव्हां घराचा मालक म्हणजे कोठला तरी पेन्शनर, ज्यानें तें घर जन्मांत पाहिलेलें नाहीं. जानश्रुतीला निदान आपलें अन्न लोक खातात एवढें तरी समाधान होतें.

2020 च्या महामारींत एका रात्रीचे प्रवासी नाहींसे झाले आणि हॉटेलें ओस पडलीं. तेव्हां ज्यांना मायदेशीं परततां येईना असे दीर्घ मुक्कामाचे लोकच अशा घरांना आधार झाले. त्यानंतर हॉटेलवाल्यांचेंही लक्ष ह्या धंद्याकडे अधिक वळलें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत असें परदेशी निवासगृह नाहीं. परंतु विस्ताराचें उदाहरण पाहावयाचें तर शेगांवाइतकें जवळ दुसरें नाहीं. गजानन महाराजांच्या हयातींतच 1908 सालीं संस्थानाची स्थापना झाली. 8 सप्टेंबर 1910 रोजीं महाराज समाधिस्थ झाले. त्या काळीं उतारू लोकांच्या ओसरीवर पथारी टाकीत. आज शेगांवीं भक्तनिवासांच्या इमारतींमागून इमारती उभ्या आहेत, आणि पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, आळंदी, ओंकारेश्वर येथेंही संस्थानाचीं निवासस्थानें आहेत. हिशेबाच्या भाषेंत बोलावयाचें तर ह्याही शाखाच. कै. शिवशंकरभाऊ पाटील (निधन 4 ऑगस्ट 2021) ह्यांच्या कारकीर्दींत येथील स्वच्छतेची व शिस्तीची ख्याति एवढी झाली कीं, बाहेरचे लोक व्यवस्थापनाचा धडा म्हणून ती पाहावयास येऊं लागले. तेथें झाडू मारणारा पांढऱ्या वेषांतला सेवेकरी आपल्या गांवीं कदाचित् पांच एकरांचा मालक असतो. सिंगापुरच्या कंपनीस हा एक रकाना काय केल्या भरतां यावयाचा नाहीं, आणि शेगांवास भागीदारांस नफा वांटण्याचा रकाना नाहीं. बाकी चादर, पाणी, किल्ली व नोंदवही दोहींकडे सारखींच लागतात.

मुंबईंत लोकमान्य उतरत तें क्रॉफर्ड मार्केटाजवळचें सरदारगृह. 1 ऑगस्ट 1920 रोजीं त्यांचा अंतही तेथेंच झाला. म्हणजे घराबाहेर घरासारखें राहण्याची सोय पैसे देऊन घेणें आम्हांस नवें नाहीं. जे म्हणतात कीं पूर्वीं आतिथ्य फुकट होतें, त्यांस मी विचारतों, कोणाला फुकट? वार लावून जेवणारे विद्यार्थी आमच्या घरींही येत. त्यांच्या पानावर पोळी पडे तिचें पुण्य वडिलांच्या खातीं जमा झालें, आणि चुलीपुढला धूर आईनें खाल्ला. कंपनीच्या घरांत झाडणाऱ्या बाईस निदान महिन्याच्या महिन्याला वेतन मिळतें. एवढा एक गुण मी त्या व्यवस्थेस मोकळेपणानें देतों.

आतां हा प्रश्न खामगांवच्या आमच्या घरींच येऊन बसला आहे. माडीवरच्या चार खोल्या वर्षांतून दहा महिने बंद असतात. मुलें पुण्यास, मुली सासरीं. पुतण्यानें सिंगापुराहून सुचविलें कीं, त्या एका निवासकंपनीस चालवावयास द्याव्यात. शेगांव व लोणारचे प्रवासी मिळतील, कंपनी डागडुजी करील, पाटी लावील, आणि उत्पन्नाचा वांटा देईल. मसुदा आला. मी तो संस्कृत टीका वाचावी तसा पदशः वाचला. त्यांत एक कलम असें होतें कीं, घरच्या माणसांस त्या खोल्या वापरावयाच्या असल्यास वर्षांतून ठराविक रात्रीच, व त्याही आगाऊ नोंदवून.

वहिनींस हें वाचून दाखविलें. त्यांचें वय सत्त्याहत्तर. इतका वेळ त्या वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे लेकींनीं माहेरीं यावयाचें तें जागा शिल्लक असली तर?"

सूनबाईचें म्हणणें निराळें पडलें. ती म्हणाली, "मामंजी, चार खोल्या बंद ठेवूनही त्या झाडाव्या मलाच लागतात. दिवाळींत पंधरा माणसें येतात तेव्हां शाळेला रजाही मीच काढतें. कंपनीची बाई आली तर मला वाईट वाटणार नाहीं."

दोघींचेंही खरें होतें, आणि घरांत चार दिवस ह्यावर कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. शेवटीं मीं कंपनीस लिहिलें कीं, दिवाळी, नागपंचमी व गौरी-गणपतीचे दिवस वगळावेत. उत्तर आलें कीं, सणासुदीचे दिवस वगळण्याची त्यांची पद्धत नाहीं, कारण मागणी त्याच दिवसांत असते. मसुदा मीं सही न करितां परत केला. पुतण्या थोडा रुसला.

सूनबाईनें मात्र विषय सोडला नाहीं. तिनें दोन खोल्यांत खाट, टेबल व गॅसची शेगडी मांडली, आणि गांवांत नव्यानें बदलून आलेल्या दोन शिक्षिकांस त्या महिनेवारी भाड्यानें दिल्या. झाडलोटीस बाई ठेविली असून तिचा पगार त्या भाड्यांतून जातो. उरलेल्या दोन खोल्यांच्या किल्ल्या वहिनींच्या कमरेला आहेत.