डोंबिवलीचा हातचा
मुलुंड-घाटकोपरच्या प्रवाशांना डोंबिवली ठाऊक असते ती लोकलच्या गर्दीमुळे. याच स्थानकावर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांना एका संख्याकुळाची कल्पना सुचली. स्थानकावरूनच नाव पडले, ‘डेमलो संख्या’.

नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. उलट-सुलट कसेही वाचा, सारखेच!

आता दहा वेळा १ घ्या. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडली. कारण मधल्या घराची बेरीज दहा होते आणि हातचा डावीकडे सरकतो.

शाळेत हातचा घ्यायला शिकवतात, तो काय करतो हे क्वचितच दाखवतात. नक्षी का मोडली, हे मुलांनाच कागदावर शोधू द्यावे. पाठांतराने गुण मिळतील. गणिताची भीती जाईल ती या ‘का’मुळेच.