सुटे भाग, जुळते हात

ज्येष्ठांच्या दुखण्यांची चौकशी सारेच करतात. त्यांच्या हातांना एके काळी काय काय येत होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पनवेलजवळ नवा विमानतळ उभा राहिला आणि आमच्या कट्ट्यावर विमानांच्या गप्पा रंगू लागल्या. त्यातूनच एक विसरलेला छंद वर आला. तो म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमानाची प्रतिकृती जुळवण्याचा.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. बोटीवर नोकरीला असलेला एखादा मामा सुटीवर आला, की त्याच्या पेटीतून ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीचा खोका निघे. त्यातील विमाने बहुधा १:७२ या प्रमाणात असत. म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांचा येथे एक इंच होई. सुमारे सदतीस फूट पंखविस्ताराचे ‘स्पिटफायर’ तळहातावर मावे. १९६५च्या युद्धात नावाजलेले आपल्या वायुदलाचे ‘नॅट’ तर पंखविस्तारात चार इंचांहूनही लहान. भाग चौकटीतून अलगद सोडवायचे, कडा घासायच्या, मग काडीच्या टोकाने चिकटद्रव लावायचा. हा द्रव प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. घाई करणाऱ्याच्या बोटाचा ठसा पंखावर कायमचा उमटे. संयमाचा तो पहिला धडा होता.

या आठवणींना आरोग्याच्या दृष्टीनेही मोल आहे. उतारवयात गतायुष्याकडे वळून पाहणे हे मनाच्या दुर्बलतेचे लक्षण नसून ती स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. शिवाय, हातांना जडलेले कौशल्य नावे आणि तारखा निसटू लागल्यावरही पुष्कळदा टिकून राहते.

कट्ट्यावरील एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर अबोल झाले होते. नातवाने असा संच आणला, तेव्हा “बाबा, हे काय खेळण्याचे वय आहे?” असे मुलगा म्हणाला. तरीही आजोबा बसले. दुःख सरले नाही. पण संध्याकाळी नातवाला सांगण्यासारखे काहीतरी त्यांच्यापाशी आले.

घरी असा प्रयोग करायचा असल्यास मोठ्या भागांचा, शक्यतो चिकटद्रवाविना जुळणारा संच निवडावा. भरपूर उजेड आणि भिंग हाताशी असावे. चिकटद्रव वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दमेकऱ्यांनी तो टाळावाच. मधुमेही व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ब्लेडचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ बारीक भाग, ब्लेड व चिकटद्रव ठेवू नये. जुळवलेले विमानच हाती द्यावे आणि बोलते करावे. हाताला कंप नव्याने जाणवू लागल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.

काळजीवाहकांना एकच विनंती. पंख वाकडा बसला, वेळ लागला, तरी “द्या इकडे, मी करतो” असे म्हणू नका. औषधाच्या वेळेपासून दाराच्या कडीपर्यंत सारे इतरांच्या हाती गेलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने पूर्ण केलेली एखादी वस्तू हवी असते. तिचा पंख वाकडा असला म्हणून काय बिघडले?