पडद्यावरचा चंद्र आणि फाटकाबाहेरचे पालक

वाचकहो, २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले. खेडोपाडीच्या शाळांत मुले थांबवून घेतली होती. कुठे टीव्ही, कुठे प्रोजेक्टर, तर कुठे गुरुजींचाच मोबाईल टेबलावर उभा करून त्याभोवती चाळीस डोकी. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या, पेढेही वाटले गेले. छानच झाले.

त्या दिवशी तिथी होती निज श्रावण शुद्ध सप्तमी. म्हणजे ऐन त्या वेळी अर्धा चंद्र शाळेच्या छपरावर, जरा दक्षिणेच्या अंगाला उभा होता. शिवाय तो ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पावसाने दडी मारलेली, पिके माना टाकलेली. चंद्र दिसायला हरकत नव्हती अशी गावे थोडीथोडकी नसतील. तरी किती शाळांनी मुलांना अंगणात आणून सांगितले असेल, की पोरांनो, ते बघा, यान आत्ता तिथे उतरले? आता तुम्हीच आठवून बघा.

पुढे २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिवस ठरला. २०२४ पासून तो शाळाशाळांत साजरा होतो. परिपत्रक येते, फोटो पाठवावे लागतात आणि मग चौथीच्या पोराला ‘प्रोजेक्ट’ मिळतो: सूर्यमाला करून आण, रॉकेट करून आण. पोरगा घरी सांगतो, आई बापाला सांगते, आणि बाप बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातून रंगीत गोळे, काड्या, पत्रिकेचा कागद घेऊन येतो. ज्याचा चुलतभाऊ डी.एड. झालेला, त्याचे रॉकेट झकास होते. ज्याची आई खुरपायला जाते, त्या पोराच्या हाती काहीच नसते, आणि तो त्या दिवशी शाळेलाच येत नाही. विज्ञान प्रदर्शनातली निम्मी मॉडेल्स कोणी केलेली असतात, हे परीक्षकालाही ठाऊक असते आणि मुलांनाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्येच बंदी आली, पण सूर्यमालेला बहुधा ती लागू नसावी!

बरे, त्या मॉडेलमधून कळते काय? पृथ्वी आणि चंद्र बोटभर अंतरावर, पलीकडे लगेच सूर्य. सगळेच खोटे. त्यापेक्षा एक मोसंबी घ्या. साधारण सात सेंटीमीटर जाडीची, जालन्याची असली तर उत्तमच. ही पृथ्वी धरली, तर चंद्र म्हणजे एक गावरान बोर. ते मोसंबीपासून किती लांब धरायचे? पोरे वीतभर म्हणतील, हातभर म्हणतील. खरे उत्तर दोन मीटरच्या थोडे वर, म्हणजे जवळजवळ सात फूट. वर्गाच्या या भिंतीपाशी एक पोरगी मोसंबी घेऊन उभी, फळ्यापाशी दुसरी बोर घेऊन. आपला शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत ज्या अंतराळ स्थानकावर राहून आला, ते स्थानक याच मापाने मोसंबीच्या सालीपासून फक्त दोन मिलिमीटर वर. आणि सूर्य? साडेसात मीटरहून जास्त रुंदीचा गोळा, आठशे वीस मीटर दूर. म्हणजे शाळेपासून निघून चावडी, मारुतीचे देऊळ ओलांडून पार पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचे. ही पायपीट एकदा केलेले पोर अंतर विसरणार नाही. गणितही त्यातच होते, आणि शेवटी मोसंबी खायलाही मिळते.

दुसरा रोग पालकभेटीचा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर हे सगळीकडे आहे. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघर फिरते, ‘इथं सही करा’ म्हणतात आणि सभा होते. मास्तरांच्या पालकभेटीच्या वहीतही वर्षानुवर्षे एकच ओळ: अभ्यासाबाबत चर्चा केली. काय चर्चा केली, ते देव जाणे.

यात सगळा दोष शाळेचा, असे म्हणणे सोपे आहे. पण एकशिक्षकी नाही तर दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहित्या, वर निवडणुकीची कामे. मास्तर तरी कुठे कुठे पुरणार? आणि पालकाचेही ऐका. शाळेत जायचे म्हणजे दिवसाची हजेरी बुडवायची. शाळा बोलावते कधी, तर पोराने खोडी काढली तेव्हा, आधार कार्डात चूक निघाली तेव्हा, नाही तर पंधरा ऑगस्टला. गेल्यावर बसायचे कुठे हेही ठरलेले नसते. दाराशी चप्पल काढून बाप उभा राहतो, ‘आम्हाला काय कळतं गुरुजी, तुम्हीच बघा’ म्हणतो आणि निघून येतो. त्यात अंतराळाचा विषय निघाला तर तो आणखी चार पावले मागे सरकतो. चौथी शिकलेला माणूस रॉकेटविषयी काय बोलणार?

इथेच आमचे म्हणणे वेगळे आहे. अहो, अंतराळ हाच एक विषय असा आहे, की ज्यात हा बाप मास्तरांच्या दोन पावले पुढे असू शकतो. रब्बीत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते. बारा वाजता मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत बारे द्यायचे. या हालांची कुणी भलामण करू नये. पण डोक्यावरचे आकाश रात्रभर कसे सरकते, हे बघितलेला माणूस गावात तोच. तिकांडे कुठे आले म्हणजे किती रात्र उरली, हे जुन्या माणसांना घड्याळाशिवाय सांगता येई. सप्तर्षीला बाज म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. वर्गात त्यांना कुणी बोलावते का?

बोलावले तर काय होईल, ते सांगतो. शेतकऱ्याला विचारा, मृग कधी निघतो? तो झोपेतही सांगेल, जूनच्या सात-आठ तारखेला. आता पोरांना विचारा, मृगाच्या चांदण्या आकाशात कधी दिसतात? डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला बघा, ठसठशीत दिसतात. मग जूनमध्ये निघतो तो मृग कुठला? या प्रश्नावर बाप आणि लेक दोघेही अडतात, आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते. जूनमध्ये सूर्य मृगाच्या दिशेला असतो, म्हणून त्या चांदण्या दिवसा उगवून दिवसाच मावळतात. शेतकऱ्याचे नक्षत्र म्हणजे सूर्याचा मुक्काम. नक्षत्रे २७, वर्षाचे दिवस ३६५. भागाकार करा, एकेका मुक्कामाला साडेतेरा दिवस येतात. म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हा धडा घरातल्या पंचांगात पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे. तो उघडायला बापाची माहिती लागते आणि मास्तरांची रीत. एकट्याने कुणालाच जमत नाही.

कुणी म्हणेल, नक्षत्रे शाळेत आणली की मागून वाहन आणि भविष्यही येईल. शंका रास्त आहे. मृगाचे वाहन बेडूक म्हणून पाऊस पडतो, हे विज्ञान नव्हे, आणि मास्तरांनी ते स्पष्ट सांगावे. त्याहून बरे म्हणजे पोरांना सरळ कडेच्या डब्यात पट्टीने पाऊस मोजायला लावावा आणि वहीत वाहनाच्या शेजारी मिलिमीटर लिहायला सांगावे. दोन पावसाळ्यांत वही काय ते बोलेल.

करायचे तर साधेच आहे. शुद्ध द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज दिवेलागणीला चंद्र कुठे आणि केवढा दिसला, ते वहीत काढायचे आणि खाली घरातल्या मोठ्या माणसाची सही. वद्य पक्षात शाळेला येताना सकाळी पश्चिमेला बघायचे. दुसरा प्रयोग काठीच्या सावलीचा. आपल्या मराठवाड्यात वर्षातून दोनदा भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, १२ ते २० मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मेमध्ये शाळेला सुटी आणि जुलैत आभाळ. म्हणून मेचा प्रयोग घरच्या अंगणातच होणार, तोही आईबापांबरोबर. एवढ्या प्रोजेक्टला दुकानात जावे लागत नाही.

ऊसतोडीच्या घरांचे काय, हा प्रश्न उरतो. दिवाळीच्या मागेपुढे आईबाप कोल्हापूर-सांगलीकडे जातात, पोर आजीपाशी नाही तर हंगामी वसतिगृहात. त्यांची पालकभेट कशी व्हायची? चंद्र मात्र कोपीवरूनही तोच दिसतो. फोनवर पोराने विचारावे, ‘आई, तिकडं किती दिसतोय?’ तेवढी ओळ वहीत आली, तर तीच त्या महिन्याची पालकभेट धरायला काय हरकत आहे?

पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये ‘आयुका’च्या मदतीने परीक्षा घेऊन ७५ मुले निवडली, ५० इस्रोसाठी आणि २५ नासासाठी. स्तुत्य काम. पण उरलेल्या हजारोंचे अंतराळ त्यांच्या गावातच आहे. डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर देत. ती मुले कुठे विमानाने गेली नव्हती.

हे सगळे हौसेचे नाही, हेही ध्यानात घ्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याची भाषा सुरू झाली. पट का घटतो? लोकवस्ती घटली हे एक कारण. दुसरे असे, की दारात पिवळी गाडी येते आणि इंग्रजी शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचे रॉकेट धूर सोडते. ज्या शाळेत बापाला कधी खुर्ची मिळाली नाही, ती टिकवण्यासाठी तो ग्रामसभेत भांडायला उठेल कशाला?

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, पुढची सभा सकाळी अकराला ठेवू नका. अष्टमी-नवमी गाठून दिवेलागणीनंतर शाळेच्या अंगणात ठेवा. सतरंजी टाका, मुलांना वह्या घेऊन बसवा आणि रात्रपाळीला पाणी देणाऱ्या दोघाचौघांना मोटार चालू करायला जायच्या आधी तासभर बोलावून घ्या. रजिस्टरवरच्या सह्या तिथेच होतील.